पिवळ्या दिव्याची पाच मिनिटं

नाम्पुंडुचा फ्रिज जळाला मंगळवारी, आणि चिलेशेची झोप उडाली बुधवारपासून.

नाम्पुंडु ही भिंतीपलीकडची शेजारीण. जुळ्यांची आई, म्हणून सगळी गल्ली तिला नाम्पुंडु म्हणायची. तिचं खरं नाव चर्चच्या वहीत असेल तेवढंच. त्या मंगळवारी चौदा तासांनी वीज आली, आली तशी गेली आणि पापणी लवायच्या आत परत आली, ती अशी की दिवे पांढरेफटक पडले. नाम्पुंडुच्या स्वयंपाकघरातून अडलेल्या गायीसारखा एक हुंकार ऐकू आला आणि मागोमाग जळक्या रबराचा वास. तेव्हापासून त्या फ्रिजमध्ये जुळ्यांचे शाळेचे बूट आणि वह्या असतात. "उंदीर शिरत नाहीत बघ," नाम्पुंडु सांगते. "कोबी ठेवत होते तेव्हा एवढा उपयोग नव्हता झाला."

नाम्पुंडुला हसता येत होतं. चिलेशेला येत नव्हतं, कारण तिच्या फ्रिजरमध्ये कोबी नव्हता. दूध होतं, तिचं स्वतःचं.

चौदा आठवड्यांची रजा संपली की न्डोलाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत परत रुजू व्हायचं, हे लुकुंडो पोटात होता तेव्हापासून ठरलेलं. सकाळच्या मिनीबसने जायचं, अंधार पडायच्या सुमारास यायचं, आणि पोराला सांभाळायला मान्साहून सासूबाई येणार. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं, सहा महिने आईचं दूध; दुसरं काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मग चिलेशेने दूध काढायचा छोटा पंप आणला आणि तीन आठवडे, सकाळ-संध्याकाळ, तळहाताएवढ्या पिशव्या भरत राहिली. सव्वीस पिशव्या झाल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ. काही पिशव्यांवर तिने 'सर्दी होती', 'भांडण झालं होतं', 'शेंगदाण्याची भाजी खाल्ली होती' असंही लिहून ठेवलं होतं. पुढेमागे पोराला काही झालंच तर तपासाला धागा असावा. दिवसभर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मोजणाऱ्या बाईने स्वतःलाही नमुना समजून बाटलीबंद करावं, यात विनोद आहे हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पेन खाली ठेवणं वेगळं.

आता लुआन्श्यात, त्यांच्या गावात, त्या वर्षी वीज यायची दिवसातून तीन तास. कुठले तीन, ते वीज कंपनीलाही आदल्या रात्री ठाऊक नसायचं. धरणात पाणी नव्हतं, त्याला कोण काय करणार. शिकलेल्या बाईला भीती वाटली की ती माहिती गोळा करते आणि न शिकलेली बाई प्रार्थना करते, असं म्हणतात. चिलेशेने दोन्ही केलं, आणि वर बाजारात जाऊन फ्रिजचा रखवालदार विकत आणला.

रखवालदार म्हणजे पांढरा डबा. तो भिंतीत खोचायचा आणि फ्रिजची पिन त्याच्यात खोचायची. डब्यावर तीन दिवे. वीज फार कमी-जास्त असली की तांबडा. बरी झाली की पिवळा. म्हणजे थांबा, मी मोजतोय. पाच मिनिटं वीज सरळ चालली की हिरवा, आणि मग डबा खट् करून फ्रिजला वीज देतो. दुकानदाराने समजावून सांगितलं होतं, "मॅडम, फ्रिज बंद पडला तरी त्याच्या पोटातला दाब लगेच उतरत नाही. त्यात परत आलेली वीज दारू प्यायल्यासारखी झिंगत येते. धावून दमलेल्या माणसाला लाथ मारून उठवलं तर तो मरेल नाही का? म्हणून हा डबा विजेला दारातच बसवून ठेवतो. कोण आहेस, कुठून आलीस, पाच मिनिटं चौकशी करतो. तुम्ही काही करायचं नाही. फक्त हात लावायचा नाही."

चिलेशेने चार वर्षं शिकून पदवी घेतली होती. काहीही न करण्याचा विषय त्यात नव्हता.

पहिल्याच आठवड्यात तिला प्रश्न पडला, की फ्रिजला डबा वाचवतो, पण डब्याला कोण वाचवतो? मंगळवारसारखी वीज आली आणि डबाच जळाला तर? म्हणून वीज गेली की ती भिंतीवरचं बटणही बंद करायची, आणि वीज आली की दहा मिनिटं थांबून मग ते लावायची. म्हणजे आता रखवालदाराला रखवालदार होता, आणि तो पायजम्यात, केस विंचरायचे राहिलेले, काखेत मूल घेऊन उभा असायचा.

घरात कायदे झाले. वीज आल्यावर हिरवा दिवा लागेपर्यंत कुणी शेगडी, किटली, इस्त्री लावायची नाही; वीज खाली येते आणि डबा पुन्हा तांबडा होतो. टीव्हीला परवानगी होती, पण आवाज बारीक. आवाजाने विजेला काही होत नाही हे तिला ठाऊक होतं. तिला खट् ऐकायचं असायचं.

तिचा नवरा चिटालू शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातल्या हवामानाशी जुळवून घेण्यात पटाईत होता. तो वह्या तपासायचा, मान हलवायचा. मान हलवायला तयार नव्हत्या त्या त्याच्या आई. मायो, म्हणजे आई, म्हणायची त्यांना चिलेशे. मायो मान्साहून आल्या त्या मुंकोयो हे पेय बनवायच्या मुळ्यांचं गाठोडं, एक जिवंत कोंबडी आणि मतांची भरलेली टोपली घेऊन.

"दूध काय मासे आहेत, बर्फात ठेवायला?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मायो, नर्सबाईंनीच सांगितलंय. फ्रिजरमध्ये महिनोन्‌महिने टिकतं."

"टिकतं तर लोखंडसुद्धा. मी सात वाढवले. सातही जिथे मी तिथे, पाठीला बांधलेले. मला कधी दुधावर तारीख घालावी लागली नाही."

"तुम्ही न्डोलाला कामाला जात नव्हतात, मायो."

"शेतात जात होते. शेताला सुट्टी नसते, बाना लुकुंडो."

बाना लुकुंडो, म्हणजे लुकुंडोची आई. घरात तिला सगळे तेच म्हणायचे, चिटालूसुद्धा. आणि ती त्याला बाशी लुकुंडो. चिटालू हे नाव ती फक्त रागावली की काढायची, आणि तेव्हा 'तुम्ही'चा 'तू' व्हायचा. त्या वर्षी गल्लीने ते नाव बरेचदा ऐकलं.

खरं सांगायचं तर एक गोष्ट चिलेशेने पुढे ढकलली होती. सव्वीस पिशव्या भरल्या, पण लुकुंडो ते दूध वाटीने पितो का, हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. नर्सबाईंनी सांगितलं होतं, आधीपासून सवय लावा. चिलेशेने पंधरा दिवस आज नको, आज त्याचं पोट बरं नाही, आज ऊन फार आहे, असं केलं. तो प्यायला नाही तर काय, हा प्रश्न तिला इतका मोठा वाटायचा की उत्तर मिळवण्यापेक्षा पिशव्या मोजणं सोपं जायचं. रविवारी बघू, असं तिने ठरवून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी नोकरीवर हजर व्हायचं होतं.

आणि त्या शुक्रवारी सकाळी अकराला वीज गेली, ती रात्रभर आली नाही.

शनिवार उजाडला. दहा वाजेपर्यंत चिलेशेने फ्रिजला दोन गोधड्या गुंडाळल्या होत्या आणि वरून कमरेला गुंडाळायच्या छापील कापडाची नवीकोरी चितेंगे, लग्नात आलेली, करकचून बांधली होती. मायो अंगणात कोळशाच्या शेगडीवर मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होत्या. पळी हातात तशीच ठेवून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाळंतीण नक्की कोण आहे या घरात?"

"गारवा आत राहतो, मायो."

"डोक्याला फडकंही बांध त्याच्या. वारा लागेल."

चिलेशेला विचार सुचला होता की वरच्या बाजूला खरंच काहीतरी घालायला हवं. पण मायोंसमोर घालायची सोय राहिली नव्हती.

खरं संकट गोधडीच्या आत होतं. दूध पूर्ण वितळलं तर परत गोठवता येत नाही. एका दिवसात संपवावं लागतं, नाहीतर फेकायचं. पण आत अजून बर्फाचे कण असले तर चालतं. म्हणजे प्रश्न एवढाच, की कण आहेत की नाहीत. ते पाहायला दार उघडावं लागतं. दार उघडलं की गारवा जातो. सकाळपासून चिलेशेने हे पाहायला फ्रिजर चार वेळा उघडला होता, आणि प्रत्येक वेळी पुढच्या पिशव्या बोटाने दाबून 'अजून घट्ट आहेत' असं स्वतःला सांगून, त्या आधीपेक्षा जरा मऊ करून, परत ठेवल्या होत्या.

दोनला दहा मिनिटं कमी असताना गल्लीभर आरोळी उठली. पोरं रस्त्यावर नाचायला लागली, कुणाचा तरी रेडिओ वाक्याच्या मधूनच बोलायला लागला. वीज आली होती.

"कुणी कशाला हात लावायचा नाही," चिलेशे म्हणाली आणि गोधड्या सोडायला धावली.

भिंतीपलीकडून नाम्पुंडुचा आवाज आला. "बाना लुकुंडो, तुझा चालू झाला का गं?"

"दहा मिनिटं थांबतेय."

"थांब, थांब. माझ्या बुटांना कसली घाई नाही."

दहा मिनिटं चिलेशे दिव्याच्या बल्बकडे बघत उभी राहिली. बल्ब स्थिर होता. तिने भिंतीवरचं बटण दाबलं, डब्यावर पिवळा दिवा लागला, आणि तिने फोनवर घड्याळ लावलं. तीन तास, त्यातली दहा मिनिटं गेली, हरकत नाही. एक मिनिट. दोन. चौथ्या मिनिटाला तिला वाटलं पिवळा दिवा जरासा थरथरला. पिन सैल असेल. तिने डबा उपसून काढला, पिन फुंकली, परत खोचली, नीट दाबून. पिवळा दिवा लागला. पुन्हा एक मिनिट.

साडेचार मिनिटं झाली आणि डबा तांबडा झाला.

"कोणी काय लावलं?"

पुढच्या खोलीतून इस्त्रीचा वास आला. चिटालू उद्याच्या चर्चच्या सदऱ्यावर ओणवा होता. "मला वाटलं झाला हिरवा," तो म्हणाला. "एवढा वेळ झाला ना."

"चिटालू, तुला मी काय सांगितलं होतं?"

त्याने नाव ऐकलं आणि इस्त्रीची पिन काढली. अर्धा सदरा कडक आणि अर्धा चुरगळलेला असा तो तिथेच राहिला.

पुन्हा पिवळा. चिलेशे डब्यापासून वीतभर अंतरावर बसली. फोनवर पाच मिनिटं झाली. दिवा पिवळाच. पाच मिनिटं दहा सेकंद. पंधरा. दुकानदाराने पाच सांगितली होती, सहा नाही. डबा अडकला असणार. तिने तो उपसला, हलवला, कानाशी धरून ऐकला आणि परत खोचला. मग फोन बाजूला ठेवून मनात मोजायला लागली, आणि फोनवर भरवसा नाही म्हणून मनात मोजणारी आपण प्रयोगशाळेत कशाला जातो, हा विचार आल्यावर मोजणी दोनशे दहावर चुकली. चुकली म्हणून पहिल्यापासून मोजायचं ठरवलं. आणि मोजणी पहिल्यापासून, तर डबाही पहिल्यापासून असावा, दोघांचं जुळेल, असं वाटून तिने तो पुन्हा उपसला.

हे वाक्य नंतर कितीदा तरी चिलेशेने मनात घोळवलं. दोघांचं जुळेल म्हणून. असं कुणी दुसऱ्याने केलं असतं तर तिने ते प्रयोगशाळेत चहाबरोबर आठवडाभर सांगितलं असतं.

आणखी एकदा उपसून झालं, अडीच वाजून गेले. फ्रिज अजून मेल्यासारखा गप्प होता आणि चिलेशेच्या कपाळावर घाम होता. आतल्या खोलीत लुकुंडो कुरकुरायला लागला होता.

"बाना लुकुंडो, पोर भुकेलंय," मायो म्हणाल्या.

"आलेच. एकदा हा हिरवा होऊ दे."

"तू त्या डब्याला किती वेळा उपसलंस?"

"एकदाच. म्हणजे चारदा. पिन सैल आहे, मायो."

मायो डब्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळत नसल्याचं दुःखही नव्हतं. "मी न्शिमाचं पीठ उकळत्या पाण्यात सोडते," त्या सावकाश म्हणाल्या, "झाकण ठेवते आणि दोन हात दुमडून बसते. मान्साच्या पोरी झाकण काढून बघतात. बघतात आणि थंड पाणी ओततात. बघतात आणि अजून ओततात. मग त्यांची न्शिमा कुत्रं खातं."

"हे पीठ नाही, मायो, यंत्र आहे. त्याला आतून मोजता येतं."

"मग तू बाहेरून काय मोजतेयस?"

चिलेशेने पिवळ्या दिव्याकडे पाहिलं. दिवा जरा फिका वाटला. तिचा हात आपोआप डब्याकडे गेला.

मायो आत गेल्या, लुकुंडोला उचलून आणलं, स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं, आणि चिलेशे बसली तसं पोर तिच्या मांडीत ठेवून दिलं. लुकुंडोने शोध लावायला वेळ घेतला नाही. तो प्यायला लागला, डोळे मिटले, आणि एका मुठीत आईच्या ब्लाऊजची कड घट्ट पकडली. मायोंनी दुसरं स्टूल ओढलं आणि डबा आणि सून यांच्या मधोमध बसल्या, पाठ डब्याला, तोंड सुनेला.

"मायो, जरा बाजूला व्हा. मला दिवा दिसत नाही."

"दिसला तर तू उठशील. उठलीस तर तो सुटेल. सुटला तर रडेल. मग मी रडेन. बस."

चिलेशे बसली. तिने मान उजवीकडे काढली; मायो उजवीकडे झुकल्या. डावीकडे काढली, मायो डावीकडे. दारात चिटालू अर्धा सदरा हातात घेऊन हा खेळ बघत होता. पोर गिळत होतं, घुटूक, घुटूक. मायोंच्या खांद्यामागे काय चाललंय ते चिलेशेला दिसत नव्हतं, तेव्हा तिने बाकीचं सगळं पाहिलं: मायोंच्या पायाला लागलेलं पीठ, खिडकीतली माशी, लुकुंडोच्या कानामागे साचलेला मळ, जो तिला, घरातली प्रत्येक गोष्ट तपासणाऱ्या बाईला, आजवर दिसला नव्हता.

मग खट् झालं.

इतकं साधं, की तिला आधी वाटलं मायोंच्या गुडघ्याचं हाड वाजलं. पण मागोमाग फ्रिज घुरघुरला, हलला, आणि म्हाताऱ्याने घसा साफ करावा तसा आवाज करून चालायला लागला.

"झाला की," चिटालू म्हणाला. "बाना लुकुंडो, तू काही केलंस का?"

"नाही," चिलेशे म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सदरा इस्त्री करायला निघून गेला. पण चार वेळा उपसलेला डबा आणि एकदा न उपसलेला डबा यांतला फरक तिच्या पदवीलाही आता नाकारता येत नव्हता. दर वेळी काढला की बिचारा पहिल्यापासून मोजत होता. पाऊण तास फ्रिज कोणामुळे बंद होता, ते घरात सगळ्यांना कळलं होतं. सगळ्यात आधी मायोंना, ज्यांना डबा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

लुकुंडो सुटल्यावर तिने फ्रिजर पाचव्यांदा उघडला. या वेळी कोणी अडवलं नाही. मागच्या वीस पिशव्या दगडासारख्या होत्या, दोन-तीन जरा कडेला सैल, पण बर्फ होता. पुढच्या सहा मात्र हातात पाण्याच्या फुग्यासारख्या लोंबल्या. ज्या तिने दिवसभर दाबून पाहिल्या होत्या त्याच सहा. एकीवर लिहिलं होतं, 'काळजी वाटत होती'.

ती ओट्याशी उभी राहून रडायला लागली. आवाज न करता, कारण पोर नुकतं झोपलं होतं.

मायोंनी एक पिशवी हातात घेतली, उजेडाकडे धरली. "हे खराब झालं?"

"खराब नाही झालं. पण परत गोठवता येत नाही. उद्या दुपारपर्यंत प्यायला हवं, नाहीतर ओतून द्यायचं."

"मग पाज."

"तो वाटीने पीत नाही."

"कोण म्हणालं?"

कोणीच म्हणालं नव्हतं.

मायोंनी चिटालूला किटली लावायला सांगितली, आणि चिलेशेने, हिरवा दिवा तपासून, हरकत घेतली नाही. वाटी उकळून झाली, पिशवी कोमट पाण्यात बसली, दुधाचा एक थेंब मायोंनी मनगटावर घेतला आणि, चिलेशेच्या देखत, चाटून पाहिला. "बरं आहे," त्या म्हणाल्या. मान्साची शेती सोडून आल्यापासून त्यांनी शहरातल्या कुठल्याही वस्तूला बरं म्हटल्याचं चिलेशेला आठवत नव्हतं.

साडेतीनला लुकुंडो जागा झाला.

"आता तू बाहेर जा," मायो म्हणाल्या.

"मी कोपऱ्यात बसते. बोलणार नाही."

"तुझा वास येतो त्याला. खरी विहीर समोर असताना घागरीतलं कोण पिईल? रस्त्यापर्यंत जा. मी हाक मारेन तेव्हा ये."

चिलेशे अंगणापर्यंत गेली. लुकुंडोचं रडणं सुरू झालं, मग चढलं, मग एकदम थांबलं. थांबलं म्हणजे प्यायला, का श्वास अडकला? ती चार ढांगांत दाराशी आली आणि फटीतून डोकावली. लुकुंडोच्या ओठाला वाटीची कड लागलेली होती, जीभ बाहेर, चेहऱ्यावर विचार. त्याने आईला पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. वाटी दूर, दूध हनुवटीवर.

"बाना लुकुंडो," मायोंचा आवाज आला, शांत, "मला आता पहिल्यापासून करावं लागणार."

ती पुन्हा अंगणात गेली. या खेपेला खिडकीखाली उकिडवी बसली, म्हणजे दिसणार नाही. दिसली नाही, पण तिला शिंक आली. आतून पुन्हा तोच टाहो आणि मायोंचा एक सुस्कारा.

नाम्पुंडु भिंतीवर कोपरं टेकून हे सगळं बघत होती. "इकडे ये," ती म्हणाली. "चक्कर मारून ये, दारातून. भिंतीवरून चढू नकोस, टाके आहेत तुझे."

"टाके कधीच निघाले."

"तरी चढू नकोस."

तिने चिलेशेला आपल्या अंगणात बसवलं, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं आणि स्वतः समोर बसली. "सोल. सगळ्या झाल्याशिवाय उठायचं नाही."

"तुझे जुळे वाटीने प्यायचे?"

"माझ्या जुळ्यांना मी तुझ्यासारखं विचारलंच नाही. एकाला धरलं की दुसरा उपाशी, मग दुसऱ्याला सासूच्या हवाली. रडला, रडला, आणि प्यायला. चार दिवसांनी मला बघून तोंड फिरवायला लागला, मेला."

"तोंड फिरवायला?"

"सोल तू," नाम्पुंडु म्हणाली.

चिलेशे सोलायला लागली. भिंतीपलीकडे रडणं ऐकू येत होतं, मग येईनासं झालं. तिच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग पसरत होते. अंगाला कोणीच कळवलं नव्हतं की आज पाजणारी दुसरी आहे. तिने एक शेंग फोडली. दुसरी फोडली. उठावंसं वाटलं की नाम्पुंडु तिच्या सुपात आणखी मूठभर टाकायची. सूप अर्ध्याच्या खाली गेलंच नाही.

शेवटी चिटालू आला, हातात वाटी घेऊन. वाटी रिकामी होती. त्याने ती उलटी करून दाखवली, वर्गात पोरांना पृथ्वीचा गोल दाखवावा तशी.

"सगळं?"

"सगळं. दुसरी पिशवी पण अर्धी. आता आजीच्या अंगावर ओकून झोपलाय."

"रडला का माझ्यासाठी?"

चिटालूने प्रामाणिकपणे विचार केला. "रडला की. तू डोकावलीस तेव्हा. आणि शिंकलीस तेव्हा."

नाम्पुंडुने तोंडावर हात धरला. चिलेशेला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, शेंग सोलण्याएवढा वेळ. मग तिच्या लक्षात आलं की पंधरा दिवस ती ज्या भीतीला घाबरून होती ती भीती वाया गेली, आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसलीसुद्धा, हातपाय पसरून: पोराला वाटी आवडली तर? इतकी तत्पर होती तिची काळजी. खुर्ची गार व्हायच्या आत नवा माणूस हजर.

ती घरी आली. मायो भिंतीला टेकून बसल्या होत्या, खांद्यावर दुधाचा डाग, पोर छातीवर पालथं. चिलेशे हळूच शेजारी बसली. लुकुंडोने झोपेतच नाक तिच्याकडे वळवलं, वास घेतला आणि पुन्हा आजीच्या मानेत खुपसलं.

"उरलेल्या उद्या दुपारपर्यंत संपतील," मायो म्हणाल्या. "त्या मागच्या वीस मला दाखवून ठेव, कुठली आधी काढायची ते. मला तारखा वाचता येतात. बाकीचं लिहिलेलं वाचणार नाही."

"वाचलं तरी चालेल, मायो."

"नको. कुठल्या दिवशी माझ्यामुळे रडलीस ते कशाला कळायला हवं मला."

चिलेशेने मान खाली घातली. मग दोघीही हसल्या, पोर हलणार नाही इतपत.

"सोमवारची बस किती वाजता?" मायोंनी विचारलं.

"सातची."

"सहाची घे."

"ऑफिस आठला उघडतं, मायो. इतक्या लवकर जाऊन काय करू?"

"तिथे बस. तू सातला निघालीस तर सव्वासातला काहीतरी विसरलं म्हणून परत येशील. सहाला पोर झोपलेलं असतं."